मान वळत नाही

"तुम्ही स्वतः बसलाय का यात, सर?" दस्तगीरनं विचारलं.

मी हातातला कागद खाली केला. 'मंगळझेप : काय अपेक्षित आहे?' या मथळ्याखाली माझी अकरा वाक्यं त्यावर होती आणि मी ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. चौथ्याच वाक्याला त्यानं मला अडवलं होतं.

"बसायची काय गरज?" मी म्हणालो. "मंगळावर तरी कोण जाऊन आलंय?"

"तसं नव्हं. तुम्ही लिवलंय, छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटेल. हत्ती नाय बसत, सर."

"मग?"

"पोत्यात घालून पोतं आवळल्यासारखं वाटतं. सगळीकडनं. हत्ती एका जागी बसतो."

मी हत्ती खोडला आणि पोतं लिहिलं. बारा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवून मला एवढं कळलं होतं की उपमेच्या बाबतीत अनुभवी माणसाशी वाद घालू नये.

याला आता पंधरा वर्षं झाली. महामार्गालगत काकडेसाहेबांचं वंडरलँड हे करमणुकीचं पार्क उघडायचं होतं. मी तेव्हा एका साप्ताहिकात सरकारी सूचनाफलकांची टिंगल करणारं सदर लिहीत असे. पाट्यांची इतकी टिंगल करणारा माणूस पाट्या नक्कीच चांगल्या लिहील, असा काकडेसाहेबांचा हिशेब होता. त्यांचे बरेच हिशेब असेच असत आणि बहुतेक बरोबर निघत.

मंगळझेप ही पार्कातली मुख्य वस्तू. परदेशातल्या एका बंद पडलेल्या पार्कातून सुटी करून आणलेली. मधोमध एक जाडजूड खांब, त्याला दहा बाहू, प्रत्येक बाहूच्या टोकाला चार माणसांची बंद कुपी. खांब गरगर फिरायचा आणि कुपीतल्या पडद्यावर मात्र यान सरळ वर जाताना दिसायचं. शरीराला ते फिरणंच वर जाणं वाटायचं. फसवणूक एवढीच, पण ती दणकट होती. उद्घाटनाआधीचा महिनाभर ते यंत्र रोज दुपारी रिकामंच फिरवून बघत. चाळीस रिकाम्या खुर्च्यांना एका बाईचा आवाज प्रेमळपणे सांगायचा, "घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या." सगळ्या पार्कात तेवढाच आवाज. मी कँटीनमध्ये बसलेलो असलो तरी श्वास घ्यायचो.

दस्तगीर शिकलगार या यंत्राचा मुकादम. मुलाखतीत काकडेसाहेबांनी अनुभव विचारला, तेव्हा तो म्हणाला होता, "बावीस वर्षं गोल फिरलोय." जत्रेत 'मौत का कुआ' असतो ना, लाकडी फळ्यांची ती खोल विहीर आणि तिच्या उभ्या भिंतीवरून फटफटी पळवणारे लोक, त्यातला तो. त्याचा धाकटा भाऊ नजीर त्याच विहिरीत, त्याच्याबरोबर फिरत असताना पडून गेला. हे मला पहिल्याच दिवशी गेटवरच्या वॉचमननं सांगितलं होतं, संडास कुठं आहे हे सांगावं त्या सुरात.

"पुढं वाचा," दस्तगीर म्हणाला.

"पाच. उपाशीपोटी बसू नका आणि भरल्या पोटीही बसू नका."

"मग बसायचं कधी?"

"मधल्या वेळेत. सहा. डोळे मिटू नका. मिटल्यास मळमळ वाढेल. समोरच्या पडद्याकडेच पाहा."

"ब्येस. हे सोळा आणे खरं."

"सात. शेजारच्याकडे पाहू नका."

डोक्यावरची टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

"हे नको."

"का?"

"पाहू नका म्हटलं की पाहता येतंय असं होतं. आधी येतं का ते बघाय पाहिजे." त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, त्या येगात माणसाची मान वळती का?"

"मला काय माहीत?"

"मी तीनदा बसलो एकटा. वळवली असं वाटतं. मग वाटतं, नुसतं वाटलं. डोळ्यापुढं काळं येतं, आत आपलं आपल्याला काय बी कळत नाय. बघणारं दुसरं माणूस पाहिजे."

"कॅमेरे येतील की." कुपीतले कॅमेरे तेव्हा बंदरावर कुठल्याशा कागदासाठी अडले होते.

"कॅमेरे येतील तवा येतील. मला आत्ता बघायचंय. एकुणीस वर्षं झाली, सर."

एकोणीस वर्षं कशाला झाली हे मी विचारलं नाही. वॉचमननं सांगितलेलं आणि हे, दोन्ही मिळून मला पुरेसं कळलं. त्या विहिरीत आपली मान वळू शकली असती की नाही, एवढंच या माणसाला हवं होतं. वळणं शक्यच नसेल तर तो सुटणार होता. शक्य असेल तर नव्हता.

"पण तुमची मान वळते का हे बघायला मला माझी वळवावी लागेल," मी म्हणालो. तर्कशास्त्र मी एक वर्ष शिकवलं होतं, त्या विषयाचे सर रजेवर होते म्हणून.

"तुम्ही पहिल्यापासनं माझ्याकडं तोंड करून बसा. वळायचा प्रश्नच नाय. फक्त डोळं उघडं ठेवा."

म्हणजे माझ्या पाटीवरची सहावी आणि सातवी सूचना मोडून मला बसायचं होतं. मी हो म्हणालो.

मंगळवारी दुपारी आम्ही बसलो. यंत्र चालवणारी सारिका गुरव काचेच्या खोलीत होती. ती इंजिनियर होती आणि अक्षरांपेक्षा तिचा मीटरच्या सुयांवर विश्वास होता. कुपीत रेक्झिनचा आणि फिनेलचा वास. दार मिटलं तसे आमचे गुडघे समोरच्या फळीला टेकले. खांद्यावरून लोखंडी कमान खाली आली आणि छातीवर बसली. मी डावा गाल खुर्चीच्या पाठीला टेकवून दस्तगीरकडे तोंड केलं. त्याची एक बाजू दिसत होती, कानशिलावर जुनी पांढरी खूण, नजर समोर.

"दिसतोय न्हवं मी?"

"दिसताय."

"मी सांगतो तवा बघा."

त्या आवाजातल्या बाईनं उलटे आकडे मोजले. मग पोतं आवळायला लागलं. गाल कानाकडे निघाले, जिभेचं वजन कळलं, हात मांडीवर होते ते मांडीत घुसले. पोटाच्या आतून काहीतरी एका बाजूला सरकलं आणि तिथंच राहिलं. दस्तगीरची ती एक बाजू माझ्या डोळ्यांसमोर लांब होत गेली. पाचव्या सेकंदाला मी डोळे मिटले.

ते मी उघडलेच नाहीत. चंद्राला वळसा मिटल्या डोळ्यांनी घातला, दगडांच्या वर्षावातून तसाच गेलो आणि मंगळावर उतरलो तेव्हाही मिटलेलेच होते. मध्ये कधीतरी "सर, बघा" असं ऐकू आल्यासारखं वाटलं. ते पडद्यातून आलं की शेजारून, हे कळायला डोळे उघडावे लागले असते.

बाहेर बाकावर बसल्यावर सारिकानं लिंबाची फोड दिली. दस्तगीर माझ्यासमोर उकिडवा बसला. चेहऱ्याचा रंग गेला होता, पण रिझल्ट लावायला आलेल्या शिपायाकडे पोरं बघतात तसा तो माझ्याकडे बघत होता.

"वळली?"

"नाही," मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. 'डोळे मिटू नका' हे लिहिणाऱ्यानं डोळे मिटले, हे सांगायचं नव्हतं, ही एक गोष्ट. दुसरी, 'हो' म्हटलं असतं तर किती वळली, कुठवर वळली, हे सांगावं लागलं असतं. 'नाही'ला तपशील लागत नाही.

"जरा पन नाय?"

"जरासुद्धा नाही. मी सारखा बघत होतो."

मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं ओकतोय. तो रडत होता.

"नजीर वर होता, मी खाली," तोंड पुसून तो म्हणाला. "त्याची एक्सलेटरची वायर तुटली. गाडीचा जोर गेला की भिंतीवर ऱ्हाता येत नाय, खाली यावंच लागतं. आमची रीतच होती. वरच्यानं हाक मारायची, खालच्यानं मान वळवून बघायचं तो कुठं हाय आन् त्याची वाट सोडायची. त्यानं हाक मारली. भाई, म्हणाला. मला ऐकू आलं, सर. सायलेन्सरच्या आवाजात बी आलं. मी बघाय गेलो, मान वळलीच नाय. तो खाली आला तर मी तिथंच. मला चुकवाय गेला आन् पडला."

"अहो..."

"शमशाद वर उभी होती, कठड्याला. नजीरची बायको. तिनं वरनं सगळं बघितलं. चाळिसाव्या दिवशी मला म्हणाली, त्यांनी हाक मारली आन् तुम्ही बघितलं नाही. मी म्हणालो, वळत नाय मान त्या येगात. ती म्हणाली, खोटं. त्यानंतर तिनं मला दारात उभं केलं नाय. तासगावला असती, शाळेत खिचडी शिजवती. मी ईदला जातो, दारावरनं परत येतो."

खरं सांगायला तेवढीच एक वेळ होती. "दस्तगीरभाई, माझे डोळे मिटलेले होते," एवढंच वाक्य. मी ते मनात जुळवूनही ठेवलं. तेवढ्यात सारिकानं विचारलं, चहा घेणार का. मी हो म्हणालो. चहा आला, त्यात साखर कमी होती, त्याबद्दल आम्ही बोललो.

सातवी सूचना दस्तगीरनं स्वतः सांगितली. 'या वेगात मान वळवता येत नाही. तसा प्रयत्न करू नये.' काकडेसाहेबांना ती फारच आवडली. "याला म्हणतात शास्त्रीय," ते म्हणाले. निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत ती लागली. उद्घाटन झालं. शाळांच्या सहली आल्या, बचत गट आले, एका पतसंस्थेचं अख्खं संचालक मंडळ येऊन ओकून गेलं. हजारो लोक ती पाटी वाचून आत बसले आणि कुणाचीही मान वळली नाही. निदान तशी तक्रार आली नाही.

दस्तगीर बदलला. तो जेवायला लागला. रिकाम्या वेळात गुणगुणायचा. त्यानं पाटीचा फोटो काढून घेतला, तासगावला पोस्टानं पाठवला आणि मागं लिहिलं, कॉलेजच्या सरांनी स्वतः बघून लिहिलंय. हे त्यानं मला अभिमानानं सांगितलं. मला त्या दिवसापासून कँटीनपर्यंत येणारा तो बाईचा आवाज सहन होईना. "घाबरू नका" असं ती म्हणाली की मी उठून दुसरीकडे जायचो.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, ती आली.

कॅमेरे तोवर लागले होते. मी पाटीपाशी उभा होतो. करड्या साडीतली, डोक्यावर पदर घेतलेली पंचावन्नच्या आसपासची बाई पाटी वाचत होती. ओठ हलवत, एकेक ओळ. सातव्या ओळीवर ती थांबली आणि पुन्हा वरून वाचायला लागली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"ते सर तुम्हीच?"

"हो."

"तुम्ही बघितलं?"

"हो."

"डोळ्यांनी?"

लोक साधारणपणे कानांनी बघत नाहीत, असलं काहीतरी मला एरवी सुचलं असतं. "हो," मी म्हणालो.

"मग मला बसवा."

"तुम्हाला ब्लडप्रेशर वगैरे..."

"रोज चाळीस किलोचं पातेलं चुलीवरनं उतरवते मी. बसवा."

दस्तगीर कठड्यापाशी उभा होता. टोपी हातात. ती आल्याचं त्यानं कधी पाहिलं कोण जाणे, पण तो जागचा हलला नव्हता.

"कुणाशेजारी बसणार?" मी विचारलं.

तिनं हनुवटीनं त्याच्याकडे दाखवलं. "यांच्या."

त्यानंच तिच्या खांद्यावरची कमान खाली घेतली. कुलूप एकदा ओढून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. बाकीच्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. मी काचेच्या खोलीत सारिकाच्या मागं जाऊन उभा राहिलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोघांचे चेहरे होते, करडे. आवाज येत नव्हता.

खांब फिरायला लागला. सुया चढल्या. दोघांचेही गाल मागं ओढले गेले, आणि ती एकदम तरुण दिसली, मग मेलेली, मग पुन्हा तरुण. दस्तगीर समोर बघत होता. ती समोर बघत होती. सुई सगळ्यात वर गेली.

मग तिनं मान वळवली.

जोर लावून नाही. स्वयंपाकघरात दूध उतू जातंय का हे बघायला बाई वळते, तितक्याच बेतानं. गाल खुर्चीला टेकला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळे टक्क उघडे.

"अहो सर," सारिका म्हणाली, "वळते की मान! आपण पाटीवर तर..."

"सुईकडे लक्ष दे."

शमशादबाईंचे ओठ हलले. थोड्या वेळानं पुन्हा हलले. छोटासाच शब्द होता, पहिल्यांदाही तोच आणि दुसऱ्यांदाही. दस्तगीर भिंतीवरच्या फोटोसारखा समोर बघत होता. पापणी हलली नाही. चंद्र गेला, दगड गेले, मंगळ आला. ती शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर तिनं लिंबू घेतलं नाही. कठडा धरून उभी राहिली आणि पदर सारखा केला. दस्तगीर दोन हात लांब उभा राहिला. विचारायची त्याची हिंमत नव्हती. माझी तर नव्हतीच. खोलीतून सारिका आमच्याकडे बघत होती.

"नाही वळत," शमशादबाई म्हणाल्या.

त्यानं ऐकलं, पण त्याला पोचलं नाही.

"खरं होतं, भाईसाब. नाही वळत मान." मग थांबून म्हणाल्या, "ईदला या घरी. दारावरनं जाऊ नका."

दस्तगीर खाली बसला, तिथंच फरशीवर. सहलीच्या रांगेतल्या बाया त्याला चक्कर आली म्हणून पाणी घेऊन धावल्या. शमशादबाई गेटकडे निघाल्या. मी मागं गेलो.

"शमशादबाई, मी आत पडद्यावर बघत होतो. तुम्ही..."

"पाटी तुम्हीच लिहिलीय ना?"

"हो, पण..."

"मग राहू द्या तशीच." त्या चालता चालता म्हणाल्या. मी बरोबर चालत राहिलो तशा थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "एकोणीस वर्षं फिरतायत ते. मी पण. उतरू द्या आता."

"पण तुम्हाला तर आता कळलं."

"मला तेव्हाच कळलं होतं. मी वर उभी होते." आणि त्या महामार्गाकडे गेल्या. तासगावची गाडी कुठं थांबते हे त्यांनी मला विचारलं नाही, वॉचमनला विचारलं.

मी परत आलो तेव्हा दस्तगीर त्याच कुपीत वाकून खुर्च्या पुसत होता. चेहरा धुतला होता. असा चेहरा मी लग्नघरातल्या माणसांचा पाहिला आहे.

मला गप्प बसता आलं असतं. नाही बसलो.

"आत त्या काही बोलल्या का?" मी विचारलं.

"बोलली की. भाई म्हणाली. दोनदा." फडकं पिळत तो म्हणाला. "शमशाद मला भाईसाब म्हणती. भाई फक्त नजीर म्हणायचा. तिनं अगदी त्याच्यासारखीच हाक मारली बघा. अंगावर काटा आला."

"ऐकू आलं तुम्हाला."

"सपष्ट."

"मग वळून बघावंसं नाही वाटलं?"

त्यानं फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं.

"सर, वळत नाय ना. तुम्हीच तर बघितलंय."

"प्रयत्न तरी..."

"पूर्वी करायचो. तुमच्यासंगं बसलो तवा शेवटचा केला. आन् तुम्हाला म्हणून सांगतो, तवा मला वाटलं हुतं की वळली. तुमचं तोंड दिसलं मला, अगदी समोर. डोळं घट्ट मिटलेलं. दोनदा हाक पन मारली तुम्हाला." तो हसला. "म्हटलं नव्हतं मी, आत आपलं आपल्याला काय बी कळत नाय? तुम्ही तर सारखं बघत हुता."